लेकीच्या बाळंतपणाला एकटीनं अमृतसरला जाऊ का?

जिंतूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय. पत्र लांब आहे, त्यातला मुख्य भाग देते.

‘माझं वय त्रेपन्न. जावई फौजेत, सध्या अमृतसरला आहेत. लेकीला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. पहिलटकरीण आहे. माहेरी आणायचं ठरलं होतं, पण डॉक्टरनी आता एवढा प्रवास नको म्हणून सांगितलं. तिच्या सासूबाई स्वतःच अंथरुणाला खिळून आहेत. इकडं मालकांना कापूस आणि हरभरा सोडून महिनाभर निघता येत नाही. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याला दोन-चार दिवसांच्या वर रजा नाही. मी आजवर पंढरपूर, तुळजापूर, माहूर केलं ते एसटीनं आणि चार बायांसोबत. मुलगा म्हणतो, तू वाटेत हरवशील, काही झालं तर कोण आहे तिथं? मालक काही बोलत नाहीत, पण तोंड उतरलंय. मी सातवी शिकलेली आहे. हिंदी जेमतेम येते. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. मी एकटीनं जाऊ का? आणि जायचं झालं तर कसं जाऊ?’

ताई, जा.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला हेच वाटलं, म्हणून आधी तेच लिहून टाकते. पहिलटकरणीला त्या दिवसांत आई जवळ लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या मुलाची काळजी खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण हरवण्याची भीती त्याला वाटते तशी सगळ्या वाटेवर पसरलेली नाही. रेल्वेचा लांबचा प्रवास अवघड असतो तो दोन टोकांना, चढताना आणि उतरताना. एकदा आपल्या बर्थवर बसलात की पुढं गाडीच चालायची असते. ही दोन टोकं घरच्यांनी नीट बांधून दिली, तर मधला प्रवास तुम्ही निभावून न्याल याबद्दल मला शंका नाही.

तुमच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे. नांदेडहून अमृतसरला थेट गाडी आहे, सचखंड एक्स्प्रेस. कुठंही बदलायची नाही. नांदेडचं हजूर साहिब आणि अमृतसरचं हरमंदिर साहिब या दोन गुरुद्वाऱ्यांना जोडणारी ही गाडी रोज सकाळी नांदेडहून निघते. पूर्णा, परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड, भुसावळ, मग खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, अंबाला, लुधियाना करत दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला पोहोचते. अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये रात्र एकच. शिवाय अमृतसर हे गाडीचं शेवटचं स्टेशन. झोप लागून स्टेशन निघून गेलं, ही धास्ती उरतच नाही, कारण गाडी तिथून पुढं जात नाही.

आता तिकिटाचं बोलू. सगळं यावरच अवलंबून आहे, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते.

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी उघडतं. तुमच्या लेकीची तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली आहे. बाळ तारीख बघून येत नाही, त्यामुळं तुम्ही डिसेंबरच्या दहा-बारा तारखेला निघावं असं मला वाटतं. याला दुसरंही कारण आहे. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत दिल्लीपासून पुढं पंजाबपर्यंत दाट धुकं पडतं. तेव्हा गाड्या तासन् तास रखडतात, कधी रद्दही होतात. त्याच्या आत पोहोचलेलं बरं. म्हणजे तिकीट ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उघडेल, आणि त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला कुणीतरी तयार बसलेलं पाहिजे. मुलाला हे काम द्या. त्याचं आयआरसीटीसीचं, म्हणजे रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटाचं, खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे त्यानं आत्ताच बघावं. नसेल तर उघडण्याच्या दिवशी सकाळी त्याला तिकीट काढता येणार नाही. ते जमत नसेल तर मालकांनी परभणीच्या आरक्षण खिडकीवर फॉर्म भरावा.

तिकीट परभणीपासूनचं काढू नका, नांदेडपासूनचं काढा. गाडी जिथून सुटते तिथल्या कोट्यात जागा जास्त असतात, आणि चढायलाही नांदेडच सोयीचं आहे. ते पुढं सांगते.

दुसरं, कोटा. काउंटरवर किंवा मोबाइलवर नुसतं ‘जनरल’ करून मोकळं होऊ नका. ‘लोअर बर्थ / सीनियर सिटिझन’ असा वेगळा कोटा असतो. पुरुषांना तो साठीनंतर मिळतो, पण बायांना पंचेचाळीसपासून. ही गोष्ट पुष्कळांना माहीतच नसते. ‘आई अजून साठची झाली नाही’ म्हणून मुलं तो पर्याय बघतही नाहीत आणि गुडघे दुखणाऱ्या आईला मधला बर्थ येतो. तुम्ही त्रेपन्नच्या, एकट्या जाणाऱ्या, म्हणजे या कोट्यात बरोबर बसता. भाड्यात सवलत मात्र नाही. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती पुन्हा सुरू झालेली नाही.

स्लीपर की एसी? परवडत असेल तर थर्ड एसी काढा, असं मी स्पष्ट सांगते. थंडीचे दिवस आहेत. भोपाळच्या पुढं रात्री स्लीपरच्या खिडकीच्या फटीतून जो वारा येतो तो आपल्याकडच्या थंडीसारखा नसतो. एसीत अंथरूण-पांघरूण मिळतं, काच बंद असते, आणि ज्याचं आरक्षण नाही असा माणूस सहसा आत येत नाही. दिवसाच्या वेळी स्लीपरमध्ये गर्दी घुसते, ‘थोडं सरका’ म्हणत चौघं बसतात आणि तुमची खालची जागा नावाचीच उरते. हातात पैसे कमी असतील तर स्लीपरनंही जाता येतं, आपल्याकडच्या कितीतरी बाया जातात. मग एक जाड गोधडी, कानटोपी आणि पायमोजे सोबत हवेतच. पहिल्यांदा आणि एकट्या जाताय म्हणून लेकीनं किंवा मुलानं वरचे पैसे घातले, तर संकोच करू नका, घ्या.

तिकीट वेटिंगवर आलं तर काय? तर त्या तिकिटावर निघू नका. मे २०२५ पासून वेटिंगवाल्याला स्लीपर किंवा एसीच्या डब्यात बसू देत नाहीत. ‘चढ, पुढं टीसी देईल करून’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. आरएसी आलं तर बसायला जागा नक्की मिळते, पण बाजूचा खालचा बर्थ दोघांत असतो. रात्रभर पाय दुमडून बसणं तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही. तसं झालं तर दोन दिवस मागंपुढं बघा. वेळ हाताशी आहे म्हणूनच लवकर काढा म्हणतेय. तत्काळ हा शेवटचा मार्ग. ते आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला. त्याच्या भरवशावर बाळंतपणाचा प्रवास ठेवायचा नसतो. आणि कुणी दुसऱ्याच बाईच्या नावावरचं तिकीट ‘चालतं हो’ म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. गाडीत ओळखपत्र बघतात.

तिकीट हातात आलं की त्यावरचा दहा आकडी पीएनआर, डब्याचा क्रमांक आणि बर्थचा क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. बर्थ खालचा आहे की नाही, हे तुमचं तुम्हालाच ओळखता येतं. थर्ड एसी असो की स्लीपर, एका कप्प्यात आठ बर्थ असतात. तुमच्या आकड्याला आठनं भागा. बाकी एक किंवा चार उरली तर खालचा, दोन किंवा पाच उरली तर मधला, तीन किंवा सहा उरली तर वरचा. सात उरली तर बाजूचा खालचा, काहीच उरलं नाही तर बाजूचा वरचा. समजा १७ आला. आठ दुणे सोळा, बाकी एक, म्हणजे खालचा. सातवीच्या गणितात हे बसतं, आणि एकदा जमलं की डब्यात कुणी ‘ही माझी जागा’ म्हणालं तरी तुम्ही गोंधळणार नाही.

आता चढायचं टोक. परभणीला गाडी थोडा वेळच थांबते. सामान, गर्दी, डबा कुठं येणार याची धांदल, हे सगळं पहिल्याच प्रवासाला नको. नांदेडला गाडी तिथूनच सुटत असल्यामुळं निवांत चढता येतं. म्हणून आदल्या दिवशी मालकांना घेऊन नांदेडला जा. एखादं नातलग असेल तर त्यांच्याकडं मुक्काम करा, नसेल तर गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात विचारा. मालकांना महिनाभर निघता येत नसेल, पण दीड दिवस निघता येईल. त्यांचं तोंड उतरलंय म्हणता, तर त्यांना हे काम सांगा. तुम्हाला डब्यात नेऊन जागेवर बसवतील, सामान सीटखाली लावतील, समोरच्या बाईशी दोन शब्द बोलतील. नुसतं ‘काळजी करू नका’ म्हणण्यापेक्षा त्यांचा जीव यानं जास्त थाऱ्यावर येईल. गाडी सुटायच्या वेळेआधी त्यांना उतरायला मात्र सांगा. बोलता बोलता गाडी हलते आणि मग माणसं चालत्या गाडीतून उतरायला जातात, ते फार वाईट.

एकट्यानं जाणाऱ्या बायांसाठी रेल्वे सुरक्षा दलाचा ‘मेरी सहेली’ म्हणून उपक्रम २०२० पासून आहे. गाडी सुटते त्या स्टेशनावर महिला शिपाई डब्यात येऊन विचारपूस करतात, बर्थ क्रमांक लिहून घेतात, पुढच्या स्टेशनांना कळवतात. तुमच्याकडं कुणी आलं तर घाबरू नका, मोकळेपणानं सांगा की एकटी आहे, अमृतसरला जाते. कुणी आलं नाही तर मालकांना प्लॅटफॉर्मवरच्या शिपायाला सांगू द्या.

त्याआधी एक करा, आणि माझा यावर फार भर आहे. दिवाळीनंतर एकदा परभणीहून संभाजीनगरला रेल्वेनं जाऊन या. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. मालक सोबत असले तरी त्यांना म्हणा, तुम्ही मागं राहा, मी शोधते. गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येणार ते फलकावर बघा, डबा शोधा, सीट शोधा, आणि चालत्या गाडीत एकदा संडासला जाऊन या. हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडच्या बाया प्रवासात पाणीच पीत नाहीत, जावं लागेल म्हणून. दीड दिवस पाणी तोडलं तर लघवीला जळजळ सुरू होते, डोकं चढतं, पाय सुजतात, आणि बीपीच्या माणसाला ते अजिबात चालत नाही. चालत्या गाडीत दांडीला धरून कसं उभं राहायचं, कडी कशी लावायची, ते एकदा जमलं की ही भीती जाते. सोबत साबणाचा तुकडा, एक लहान मग आणि रबरी चप्पल ठेवा. पाणी वेळच्या वेळी प्या.

भाषेचं तुम्ही उगाच मनावर घेतलंय. तुम्ही जिंतूरच्या बाजारात जी हिंदी बोलता तीच पुरे आहे. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांनाही ‘कायकू’ आणि ‘नक्को’ येतंच. लोकांना कळतं, आणि नाही कळलं तर पुन्हा विचारतात. वाचायचं म्हणाल तर स्टेशनांच्या पाट्या मनमाडच्या पुढंही देवनागरीतच असतात. खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, सगळी नावं तुम्ही घरातला पेपर वाचता तशीच वाचाल. पंजाबात गुरुमुखीची भर पडते, पण हिंदी पाटी तिथंही असते.

आणि पंजाब आपल्याला परकं नाही. तुमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव महाराज तिकडंच घुमानला राहिले. त्यांची ६१ पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत, ती तिथं रोज म्हटली जातात. २०१५ मध्ये आपलं मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला झालं. डब्यात तुमच्यासोबत हजूर साहिबचं दर्शन करून परतणारी पंजाबी कुटुंबं असतील, त्यांत तुमच्या वयाच्या बायाही असतील. त्यांना म्हणा, मैं नामदेव बाबा के गाँव के पास की हूँ. बोलायला एवढं निमित्त पुरतं. लेकीचं बाळंतपण आहे म्हणून कळलं की त्या तुम्हाला सोडायच्या नाहीत.

खाण्याचं. या गाडीला लंगर मिळतो. वाटेतल्या ठरावीक स्टेशनांवर, परभणी, जालना, संभाजीनगर, पुढं दिल्लीला वगैरे, सेवेकरी डाळ, भाजी, पोळी घेऊन येतात आणि पैसे न घेता वाढतात. त्यासाठी आपलं ताट, वाटी आणि पेला पिशवीत वरच ठेवा, सामानाच्या तळाशी गेलं तर ऐन वेळी हाती लागत नाही. तो प्रसाद आहे, संकोच न करता घ्या. गाडी उशिरा असली तर लंगरच्या वेळा चुकतात, म्हणून घरचंही हवंच. धपाटे आणि दशम्या दोन दिवस टिकतात. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या म्हणजे मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, गूळ. ओली भाजी, दही-भात नेऊ नका, एसीत सुद्धा दुसऱ्या दिवशी वास मारतो. गोळ्या खाण्याच्या डब्यासोबतच ठेवा, म्हणजे जेवताना समोर दिसतील, आणि दोन दिवसांच्या ऐवजी आठवड्याच्या न्या.

लंगर वेगळा आणि अनोळखी माणसानं आग्रहानं पुढं केलेली बिस्किटं, चहा वेगळा. लंगर सगळ्या डब्यासमोर, सगळ्यांना एकाच भांड्यातून वाढतात. एकटा माणूस फार गोड बोलतोय, फक्त तुम्हालाच देतोय आणि स्वतः खात नाही, तर ‘मेरा उपास है’ म्हणायचं आणि विषय संपवायचा. गुंगीचं औषध घालून लुटण्याचे प्रकार होतात, म्हणून हे सांगावं लागतं. दागिने अंगावर कमीत कमी ठेवा. स्लीपरनं गेलात तर मंगळसूत्र पदराखाली आणि डोकं खिडकीच्या विरुद्ध बाजूला करून झोपा, गाडी सुटताना खिडकीतून हिसका मारतात. पैसे दोन ठिकाणी ठेवा. रोजचे बटव्यात, बाकीचे आतल्या शिवलेल्या खिशात.

सामान. तुम्ही काय काय नेणार ते मला न विचारता कळतंय. डिंक, खोबरं, खारीक, अळीव, बाळंतशोपा, घरचं तूप, ज्वारीचं पीठ, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. न्या, लेकीला परमुलखात त्याचा फार आधार वाटेल. फक्त लाडू इथं वळून नेऊ नका, जिन्नस न्या आणि तिथं वळा. वळलेले लाडू दीड दिवसाच्या हादऱ्यात फुटतात आणि ओझंही तेवढंच. तूप फिरकीच्या स्टीलच्या डब्यात, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वरून फडकं बांधून, आणि तो डबा पिशवीत उभा राहील असा चारी बाजूंनी दुपट्यांनी आवळून ठेवा. पीठ दुहेरी पिशवीत. स्लीपरला आणि थर्ड एसीला ४० किलोपर्यंत सामान मोफत नेता येतं, पण तुम्ही नियम किती आहे ते बघू नका, तुम्हाला एका दमात उचलता येतं का ते बघा. तीन मोठ्या पिशव्यांपेक्षा चाकांची एक बॅग आणि खांद्याला एक पिशवी. बॅगेला साखळी-कुलूप लावून सीटखालच्या कडीला अडकवा. स्टोव्ह, रॉकेल, काडेपेटीचा पुडा असलं काही नेऊ नका, ज्वालाग्राही वस्तू गाडीत न्यायला बंदी आहे. थंडीचे कपडे सामानात तळाशी न ठेवता हाताशी ठेवा. अमृतसरला डिसेंबरात उतरताना शाल पुरत नाही, स्वेटर लागतो.

रात्रीचं थोडं. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा उघडतात, तोवर खालच्या सीटवर तिघं बसतात, ते चालवून घ्यावं लागतं. पण कुणी तरुण पोरगा येऊन म्हणेल, ‘आंटी, आप ऊपर चली जाओ, हम फॅमिली है.’ अशा वेळी तुमच्यासारख्या बाया हो म्हणून बसतात, कारण नाही म्हणायची सवय नसते. तुमचा खालचा बर्थ सोडू नका. ‘घुटने दुखते बेटा, नहीं होता’ एवढं म्हणा. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच म्हणा. तिसऱ्यांदा विचारलं तर टीसीला सांगते म्हणा.

तब्येत बिघडली, कुणी त्रास दिला, सामान गेलं, तर १३९ वर फोन लावा. पीएनआर विचारतील, तो कागदावर आहेच. बरं वाटत नसेल तर ते पुढच्या स्टेशनावर डॉक्टर बोलावतात. एवढं बोलायला सुधरलं नाही तर शेजारच्या बाईला तो कागद दाखवा. त्याच कागदावर मालकांचा, मुलाचा, लेकीचा, जावयाचा नंबर लिहा आणि एक प्रत पोलक्यात ठेवा, कारण मोबाइलची बॅटरी संपते आणि नंबर तर आता कुणालाच पाठ नसतात. मोबाइलवर दिवसभर गाणी-व्हिडिओ नको. मुलानं आपल्या मोबाइलवर गाडी कुठं आहे ते बघत राहावं, ते ॲपवर दिसतं. तासातासाला तुम्हाला फोन करायची त्याला गरज नाही. ठरवून घ्या: मनमाडला एक, झोपताना एक, सकाळी उठल्यावर एक, दिल्लीला एक. मध्ये बोगद्यात, घाटात रेंज जाते. तुमचा फोन लागला नाही तर त्यानं लगेच वाईट मनात आणू नये, हे त्याला आधीच बजावून ठेवा.

स्टेशनावर पाणी आणायला, पाय मोकळे करायला उतरू नका. पाय डब्यातल्या डब्यात मोकळे करा, दर दोन तासांनी दारापर्यंत जाऊन या, पण उघड्या दारात उभं राहू नका. पाणी विकणारे डब्यात येतात, छापील किमतीपेक्षा जास्त देऊ नका. बाकी दिवसभर खिडकीशी बसा. संभाजीनगर सोडलं की दौलताबादचा किल्ला दिसतो, भुसावळच्या पुढं तापी लागते. सकाळी जाग येईल तेव्हा झाशी-ग्वाल्हेरचा मुलूख असेल, मग मुरैना आणि धौलपूरच्या मध्ये चंबळ. तिच्या दोन्ही काठांची मातीची घळ बघण्यासारखी आहे. दुपारी दिल्लीला गर्दीचा मोठा लोंढा चढतो-उतरतो, तेवढी वीस मिनिटं आपली पिशवी मांडीवर घेऊन बसा.

आता उतरायचं टोक. जावयांना डब्याचा क्रमांक आधीच कळवा आणि प्लॅटफॉर्म तिकीट काढून थेट डब्यापाशी यायला सांगा. बाहेर गाडीजवळ थांबतो, असं त्यांना म्हणू देऊ नका. अमृतसर आलं की उठायची घाई करू नका. शेवटचं स्टेशन आहे, गर्दी उतरू द्या, मग सामान काढा. फौजेची नोकरी आहे, ऐन वेळी त्यांना ड्यूटी लागू शकते. तेव्हा त्यांच्या जागी कोण येणार, त्या माणसाचं नाव आणि नंबरही आधीच मागून घ्या आणि तो कागदावर चढवा. कुणीच दिसलं नाही तर तिथंच डब्यासमोर थांबून फोन लावा. अनोळखी हमाल किंवा रिक्षावाला ‘चला, मी सोडतो’ म्हणाला तर एकट्यानं स्टेशनाबाहेर पडू नका. रात्रीची वेळ असेल, स्टेशनावर उजेड असतो, पोलीस असतात. तिथंच बसून राहा.

मुलाला हे पत्र वाचून दाखवा. त्याला माझं एवढंच सांगणं आहे की, बाबा, आईला जाऊ नको म्हणण्यात जो वेळ जाईल तो तिचं खालच्या बर्थचं तिकीट मिळवण्यात घाल. वाटेत काही होईल ही तुझी भीती आहे. ती कमी करायची तर तिकीट पक्कं, कागद तयार, मोबाइल चार्ज आणि दोन्ही टोकांना माणूस, हे सगळं तुझ्या हातात आहे. आई गेली नाही तर तुझी बहीण परक्या गावात पहिल्या बाळंतपणाला एकटी असेल. दोन्ही गोष्टी समोर ठेवून बघ.

परतीचं तिकीट आत्ता काढता येणार नाही. सव्वा महिना तिथं राहायचं म्हटलं तर तुमची परत यायची तारीख फेब्रुवारीच्या मध्यात पडेल, म्हणजे ते डिसेंबरच्या मध्यात उघडेल. तोवर तुम्ही तिथं पोहोचलेल्या असाल, तर ते काम जावयांकडं द्या. धुक्यामुळं गाडीला तीन तासांपेक्षा जास्त उशीर झाला आणि तुम्ही त्या गाडीनं गेलाच नाहीत, तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यासाठी गाडी प्रत्यक्षात सुटायच्या आत अर्ज करावा लागतो, हे त्यांना सांगून ठेवा. आणि येताना लेक आणि बाळ सोबत असणार असेल तर तेव्हा मला पुन्हा लिहा. तान्ह्या बाळाला घेऊन यायचं असलं तर गाडी, डबा, निघायची वेळ, सगळंच वेगळं बघावं लागतं.